किडनी कमजोर असताना पायांची एमआर अँजिओ: डाय न देता नीट दिसतं का?

तुमच्या बाबांना मधुमेह, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा रक्तातला निर्देशक) वाढलेलं, चालताना पोटऱ्या भरून येतात. डॉक्टरांनी डाय (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) न देता एमआर अँजिओ, म्हणजे एमआरआय मशीनवर रक्तवाहिन्यांची तपासणी, सांगितली, तर ही 'भागवाभागवी' तर नाही ना, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नाही. बावीस वर्षं एमआरआय मशीनवर काम केलंय, म्हणून खात्रीने सांगतो.

पूर्वी ही शंका रास्त होती. जुन्या पद्धतीत स्थिर ऊतींवर रेडिओ लहरींचा मारा करून त्या फिक्या करायच्या, मग नव्याने आत येणारं रक्त उजळ दिसायचं. मेंदूत हे छान जमतं. पायात रक्त सावकाश वाहतं, तेही फिकं पडायचं, आणि अरुंद भाग आहे त्याहून जास्त अरुंद दिसायचा. म्हणून १९९०च्या दशकात हाताच्या शिरेतून गॅडोलिनियम, म्हणजे त्या धातूची डाय, द्यायची पद्धत रुळली. पण २००६मध्ये लक्षात आलं, की किडनी निकामी झालेल्या काही रुग्णांची कातडी त्यामुळे लाकडासारखी कडक होते, सांधे आखडतात. मग डायशिवायच्या पद्धतींवर पुन्हा जोमाने काम सुरू झालं.

त्यातली मला सगळ्यात आवडणारी पद्धत क्यूआयएसएस (क्वायसंट इंटरव्हल सिंगल शॉट, म्हणजे 'शांत क्षणी एकच फोटो'). रॉबर्ट एडलमन आणि सहकाऱ्यांनी ती २०१०मध्ये मांडली. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला पायाचा एक पातळ काप घ्यायचा. आधी त्या कापातलं सगळं, शिरांमधलं रक्तसुद्धा, काळं करायचं. मग थांबायचं. ठोक्याच्या जोराने धमनीत ताजं रक्त भरलं, की प्रवाह शांत असताना फोटो टिपायचा. म्हणूनच छातीवर ईसीजीच्या लीड्स लावतात. बाबांना पाय मात्र अजिबात हलवू देऊ नका.

मधुमेह्यांना आणखी एक फायदा आहे. धमनीच्या भिंतीत साचलेलं कॅल्शियम सीटीत इतकं पांढरं चमकतं, की आतली वाट दिसेनाशी होते. एमआरमध्ये ती अडचण नाही. शिवाय सीटी अँजिओला आयोडीनची डाय लागते, ती किडनीच्या डॉक्टरांना नकोच असते.

पुढे कधी गॅडोलिनियम लागलंच, तर घाबरून नकार देऊ नका. हल्लीच्या मॅक्रोसायक्लिक प्रकारांत तो धातू घट्ट बांधलेला असतो, कातडी कडक होण्याचा तो त्रास अत्यंत दुर्मीळ झालाय. प्रकार कोणता, एवढं विचारा.

आणि पायात स्टेंट किंवा गुडघ्याचा कृत्रिम सांधा असेल, तर टेक्निशियनला आधीच सांगा. धातूजवळ चित्र काळं पडतं, आणि मोकळी धमनीही बंद वाटू शकते.