सातव्या सीटवर बसून बघितलंत का?

ह्या वेळी जुन्या सात सीटर एसयूव्हीबद्दलचीच पत्रं इतकी आलीत की म्हटलं सगळी एकत्रच घेऊ. काही प्रश्न जवळपास सारखेच होते, त्यातला एकेकच घेतलाय, बाकीच्यांनी आपलं उत्तर ह्यातच शोधा.

प्रश्न: नमस्कार सर. घरात आम्ही सहा जण, आई-बाबा, आम्ही दोघं आणि दोन मुलं, मोठा ११ वर्षांचा, धाकटी ४ ची. एक १२ वर्षं जुनी सात सीटर डिझेल एसयूव्ही बघून ठेवलीय, एकच मालक, बाहेरून टकाटक, रनिंग १ लाख ४० हजार. तेवढ्याच पैशात बरीच नवीन पण छोटी पाच सीटर येते. मोठी चालवून बघितली, पिकप मस्त वाटला. घ्यावी का?

उत्तर: चालवून बघितलीत ते ठीकच आहे, पण मागे कोण बसलं होतं? बहुतेक कोणीच नाही. सात सीटर गाडी एकट्याने चालवून बघितली की ती छानच वाटते, कारण तेव्हा ती सात सीटर नसतेच, एक माणूस घेऊन जाणारी दणकट गाडी असते. परत जा आणि घरचे सहाही जण घेऊन जा, विकणाऱ्याला जरा विचित्र वाटेल, वाटू दे.

आता बसवून बघा कोण कुठे बसतं ते. धाकटीची चाइल्ड सीट मधल्या रांगेत लागणार, आणि खूप गाड्यांमध्ये चाइल्ड सीट लावली की त्या बाजूची सीट पुढे दुमडता येत नाही म्हणजे मागे जायचा एक रस्ता तिथेच बंद. आई-बाबांना मागे चढायला सांगू नका, गुडघे आहेत ते. उरला तुमचा ११ वर्षांचा मुलगा. आज तो हौसेने बसेल, पण मागच्या रांगेत फ्लोअर उंच असतो आणि सीट खाली, त्यामुळे गुडघे छातीशी येतात आणि मांडीला आधार राहत नाही, दोन-तीन वर्षांत त्याची उंची वाढली की तो तिथे अर्धा तास पण बसणार नाही. तो बसलेला असताना डिकीचा दरवाजा लावा आणि त्याचं डोकं आणि मागची काच ह्यात किती अंतर राहतं ते बघा, हेडरेस्ट आहे का, वर ओढून लॉक होतोय का. बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, सोडा, झटकन परत जातोय का. आणि कर्टन एअरबॅग, म्हणजे खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या, तिसऱ्या रांगेपर्यंत जातात की मधल्या रांगेलाच संपतात हे मॅन्युअलमध्ये बघा, जुन्या गाड्यांमध्ये खूपदा मधेच संपलेल्या असतात आणि विकणारा मात्र 'एअरबॅग आहेत ना' एवढंच सांगतो.

सगळे बसले की इंजिन चालू करून एसी लावा आणि मागे हात धरा. मागे वेगळा एसी असेल तर त्याचे पाइप गाडीच्या पोटाखालून लांबवर गेलेले असतात, चिखल पाणी खाऊन ते गंजतात, गॅस गळतो, आणि मग पुढे गारेगार आणि मागे पोरं घामाघूम. असा पाइप बदलायचं काम स्वस्त नसतं.

मग सगळ्यांना घेऊनच एक चक्कर मारा, थोडा चढ, एखादा स्पीडब्रेकर, एक व्यवस्थित ब्रेक. मागून दणका बसून धातूचा आवाज आला तर शॉकअप किंवा बुश (जोडांमधले रबर) गेलेत. काही गाड्यांना मागे एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या, असतं, तसं असेल तर गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी लांबून बघा, एक कोपरा खाली बसलेला असेल तर हवा गळतेय. दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो तो पण वाचा, कधी कोणी वाचत नाही. त्यावर गाडीत जास्तीत जास्त किती वजन चालतं आणि फुल लोडला टायरमध्ये हवा किती पाहिजे ते दिलेलं असतं. ७५ किलोची सात माणसं धरली तरी ५२५ किलो होतात, आणि बऱ्याच सात सीटर गाड्यांची मर्यादा त्याच्या आसपासच संपते, म्हणजे सात मोठी माणसं आणि वर सगळ्यांच्या बॅगा हे कागदावरच बसत नाही. तिसरी रांग उघडल्यावर डिकीत जागा पण फार उरत नाही, मग सामान टपावर जातं आणि उंच गाडी अजून उंच होते, वळणावर ते जाणवतं.

तिसऱ्या रांगेचा अजून एक उपयोग आहे जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पुढच्या सीटांना नवीन कव्हर घालतात, डॅशबोर्डला पॉलिश मारतात, स्टिअरिंगला नवीन कव्हर, पण मागे कोणी जात नाही, त्यामुळे गाडी खरी कशी वापरली गेली ते तिथे दिसतं. सीट दुमडायचे खटके तुटलेत का, साइडच्या प्लॅस्टिकवर लांब ओरखडे आहेत का, म्हणजे सीट पाडून सामान वाहायला वापरलीय. कार्पेट उचला, जॅकचा कप्पा उघडा, स्टेपनी बघा. तिथे बारीक गाळ, गंजलेले स्क्रू, कुबट वास असेल तर गाडी पाण्यात गेलेली असू शकते, आणि बेल्ट पूर्ण ओढल्यावर शेवटच्या हातभर पट्टीवर पाण्याची रेघ दिसली तर शंकाच नको, पुढे बघायचं कामच नाही, नमस्कार करून निघा.

इंजिनाचं थोडक्यात सांगतो. गाडी थंड असताना बघायची, जायच्या आधी फोन करून सांगा की चालू करून ठेवू नका, आणि गेल्या गेल्या बॉनेटला हात लावा, गरम असेल तर विचारा का. थंड इंजिन स्टार्ट करताना कोणीतरी मागे उभं राहा, निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही, इंजेक्टर किंवा टर्बो किंवा नुसता एअर फिल्टर पण असू शकतो, पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावर पण थांबत नसेल तर कूलंट आत जातंय का ते बघायला लागेल. टायमिंग बेल्टवालं (आतले भाग ताळमेळात फिरवणारा पट्टा असलेलं) इंजिन असेल तर बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा, तोंडी नाही. बऱ्याच गाड्यांना तो साधारण १ लाख ते दीड लाख किलोमीटरच्या दरम्यान बदलायचा असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, आणि तुमची गाडी बरोबर तिथेच उभी आहे! विकणारे नेमके ह्याच टप्प्यावर विकतात, आणि त्यात काही लबाडी असते असं नाही, मोठा खर्च समोर दिसला की माणूस गाडी काढतोच. बिल नसेल तर बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप तुम्हाला करायचाय असं धरून भाव करा.

आता तुमचा मूळ प्रश्न. सहावं माणूस रोज किंवा दर आठवड्याला गाडीत असणार असेल तर मोठी बघा, वरचं सगळं नीट निघालं तर १ लाख ४० हजार रनिंगला मी घाबरणार नाही. पण सहा जण वर्षातून चार-पाच वेळाच एकत्र जाणार असाल तर छोटी घ्या आणि त्या चार-पाच वेळी मोठी भाड्याने घ्या. मोठ्या गाडीचे टायर मोठे, ब्रेक मोठे, तेल जास्त, आणि जुनी झाली म्हणून तिचे पार्ट छोट्या गाडीच्या भावात मिळत नाहीत, खरेदीची किंमत पडते पण सांभाळायचा खर्च नवीन असतानाचाच राहतो.

प्रश्न: १३ वर्षं जुनी आणि रनिंग फक्त ४६ हजार अशी सात सीटर डिझेल मिळतेय. मिस्टर म्हणतात असा माल परत मिळणार नाही, आजच टोकन देऊ. मला उगाच धाकधूक वाटतेय.

उत्तर: ताई, धाकधूक बरोबर आहे, टोकन थांबवा. आधी हे ४६ हजार खरे का ते बघा. पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड, गिअरचा गोळा, स्टिअरिंगची चकाकी, हे सगळं एवढ्या कमी रनिंगला जवळपास नवीन पाहिजे. डिजिटल मीटर आहे म्हणून मागे होत नाही हा गैरसमज आहे, होतो, पण बऱ्याच गाड्यांमध्ये किलोमीटरचा आकडा मीटरशिवाय दुसऱ्या कंट्रोल युनिटमध्ये पण साठवलेला असतो, चांगला स्कॅनर असलेला मेकॅनिक तो काढून देतो. जुनी सर्व्हिसची बिलं तारखेप्रमाणे लावा, आकडा कुठे मागे गेलाय का लगेच कळतं.

आणि समजा खरेच आहेत, तरी कमी चाललेली जुनी गाडी म्हणजे आपोआप चांगली असं नाही. टायमिंग बेल्टला किलोमीटरबरोबर वर्षांची पण मुदत असते, रबराचे पाइप, बुश, सील उभ्या उभ्या कडक होतात. टायरवर DOT ह्या अक्षरांच्या पुढे जो नंबर असतो त्याचे शेवटचे चार आकडे बघा, २३१२ असेल तर २०१२ सालचा २३ वा आठवडा, नक्षी नवीन दिसली तरी तो टायर म्हातारा आहे, बदलायचाच. डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर अजून एक गोष्ट, त्यात साठलेली काजळी जाळायला आत साधारण ६०० डिग्री तापमान लागतं आणि ते मोकळ्या रस्त्यावर सलग चालल्यावर नीट होतं. ही गाडी १३ वर्षं शाळा आणि बाजार एवढंच फिरली असेल तर फिल्टर चोंदलेला असू शकतो. डिपस्टिक काढून वास घ्या, ऑइलची लेव्हल वरच्या खुणेच्या पण वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर अर्धवट राहिलेल्या जाळण्यात डिझेल ऑइलमध्ये उतरलंय. मिस्टरांना एवढंच दाखवा, बाकी वाद घालायची गरज पडणार नाही.

प्रश्न: वडिलांचं म्हणणं की जुन्या एसयूव्ही लोखंडाच्या, जड, म्हणून नवीन गाड्यांपेक्षा सेफ. खरंय का?

उत्तर: जड आहे हे खरं, सेफ आहे हे त्यातून निघत नाही. उंच गाडीचा मोठा धोका समोरून धडकण्याचा नाही, उलटण्याचा असतो. २००० साली अमेरिकेत फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले होते, त्यातले पुष्कळ फोर्ड एक्सप्लोरर ह्या एसयूव्हीला लागलेले होते, वेगात टायरची वरची पट्टी सुटायची आणि गाडी उलटायची, आणि कमी हवा, ऊन, लोड ह्या तिन्हींचा त्यात हात होता. म्हणून टायरची हवा आणि वय मी परत परत सांगतो.

दुसरं म्हणजे ईएससी, घसरणारी गाडी एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून सरळ ठेवणारी सिस्टीम. ती १९९५ मध्ये बाजारात आली पण युरोपात सगळ्या नवीन गाड्यांना सक्तीची व्हायला २०१४ उजाडलं, त्यामुळे जुन्या गाडीत ती असेलच असं नाही. चावी फिरवली की घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चित्र पेटतं का बघा. तसाच एअरबॅगचा दिवा, तो आधी पेटला पाहिजे आणि मग विझला पाहिजे, अजिबात पेटतच नसेल तर कोणीतरी बिघाड लपवायला तो बंद करून ठेवलेला असू शकतो. आणि ताकाता कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण ऐकलं असेल, त्यांच्या इन्फ्लेटरमधलं (एअरबॅग फुगवणाऱ्या डब्यातलं) रसायन वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा खाऊन बिघडायचं आणि फुगताना धातूचे तुकडे उडायचे, जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या. हा दोष वयाबरोबर वाढतो, म्हणून जुनी गाडी घेताना १७ अक्षरी चॅसिस नंबर देऊन कंपनीकडे रिकॉल बाकी आहे का विचारा, काम फुकट करून मिळतं. वडिलांना सांगा लोखंड मोजण्यापेक्षा हे विचारलेलं बरं.

प्रश्न: फोर बाय फोर आहे, चेक कसं करायचं?

उत्तर: आधी प्रकार कळू द्या. लिव्हर किंवा बटणाने लावायचं पार्ट टाइम फोर बाय फोर असेल तर ते कोरड्या डांबरावर लावून वळवू नका, अडकल्यासारखं होणारच, तो बिघाड नाही, मातीवर लावून बघा. कायम चालू असलेली ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर मोकळ्या जागी फुल स्टिअरिंग कापून हळू गोल फिरवा, धक्के बसले किंवा कुरकुर आली तर शंका घ्या. चारही टायर एकाच मेकचे, एकसारखे झिजलेले आहेत का ते पण बघा, दोन नवे दोन जुने असे चालवले तर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसवर किंवा मधल्या कपलिंगवर सतत ताण येतो. आणि खरं सांगू का, तुम्हाला चिखलात किंवा बर्फात जायचं नसेल तर टू व्हील ड्राइव्हच बघा, गळायला तेवढे सील कमी.

प्रश्न: बघायला गेलो तर इंजिन धुवून अगदी चकाचक, खालून पण नवीन काळा कोट मारलेला. चांगलं लक्षण की वाईट?

उत्तर: इंजिन धुतलेलं असलं तर ऑइल कुठून गळतंय ते कळत नाही, म्हणून अर्धा तास चालवून आणा आणि मग परत बॉनेट उघडा, गळती असेल तर ओल दिसायला लागते. खालच्या काळ्या कोटचं मात्र मला जास्त वावडं आहे. चॅसिस फ्रेमवाली, म्हणजे खाली वेगळी लोखंडी चौकट असलेली गाडी असेल तर गंज फ्रेमच्या आतून सुरू होतो आणि कोट बाहेरून मारतात. गाडी लिफ्टवर घ्या, फ्रेमवर मागच्या चाकांच्या आसपास छोट्या हातोडीने टकटक करा, खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर सोडून द्या, इंजिन कितीही चांगलं असलं तरी. विकणारा लिफ्टवर घेऊ देत नसेल तर तेवढ्यावरच परत या.