ती पानं उलटून पुढे जा

'ताई, पोर्तुगीज लेखक जोझे सारामागो यांची कादंबरी "ब्लाइंडनेस" वाचत होते. अन्नाच्या बदल्यात बायका मागतात, तिथे पुस्तक मिटवलं. तेव्हापासून धड झोप नाही. ठाण्याला लोकलमध्ये चढताना वाटतं, वेळ आली तर हीच माणसं तसं वागतील. नवरा म्हणतो, असलं वाचतेसच कशाला? मी फार हळवी आहे का?'
– एक वाचक, घोडबंदर रोड

हळवी असशील, पण ती पानं वाचून ज्याला काहीच होत नाही त्याची मला जास्त काळजी वाटेल. त्यातून सारामागोंच्या संवादांना अवतरणचिन्हं नाहीत, परिच्छेद संपता संपत नाहीत. वाचताना श्वास घ्यायला उसंत मिळत नाही. झोपण्याआधी हे पुस्तक हातात घेऊच नकोस.

तुला खरं छळतायत ती लोकलमधली माणसं. पण आठवून बघ, आंधळेपणाची साथ आली म्हणून सरकारने माणसांना ज्या इमारतीत कोंडलंय, तिथे अत्याचार कोण करतं? सगळे आंधळे नव्हे, त्यांच्यातली एक टोळी. तिच्याकडे पिस्तूल आहे, सगळ्यांचं जेवण तिने ताब्यात घेतलंय, आणि बाहेरचे सैनिक संसर्गाच्या भीतीने आत यायला तयार नाहीत. आधी पैसे-दागिने मागतात, मग बायका. माणसांना कोंडून सरकारने पाठ फिरवली, म्हणून टोळीचं फावलं. १९९५ साली आलेली ही कादंबरी मला त्या पाठ फिरवण्यावरच सगळ्यात जास्त चिडलेली वाटते.

आणि त्याच छपराखाली डॉक्टरची बायको आहे. दिसत असूनही आंधळी झाल्याचं खोटं सांगून ती नवऱ्याबरोबर आत आली. थोडं पुढचं सांगते, रागावू नकोस: त्या रात्रीतून एक बाई वाचत नाही. डॉक्टरची बायको प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून पाणी आणते आणि तिचं अंग स्वच्छ धुते. बाकीच्या बायकांचंही. तू थांबलीस तिथून हे फार लांब नाही. म्हणून वाटतं, नकोशी पानं खुशाल उलट, पण तिच्यासाठी पुढे वाच. दिवसा वाच, चार माणसांत बसून. ठाणे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून वाचणाऱ्यांसाठीच तर उभं आहे. आणि नवऱ्याला नुसतं 'वाईट वाटतंय' म्हणू नकोस, त्या पानांत काय आहे ते सांग.

मात्र त्या प्रकरणाने तुझं स्वतःचं काही जुनं वर आलं असेल, तर पुस्तक बाजूला ठेव आणि १४४१६ वर फोन कर. ही मानसिक आरोग्यासाठी सरकारची 'टेलिमानस' सेवा आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. आणि मला पुन्हा लिही.