गॅस ग्रिलवर घरी बनवलेला तवा
ग्रिलच्या जाळीवर तवा म्हणून ठेवायचा पत्रा माइल्ड स्टीलचाच (साध्या पोलादाचा) घ्या, 6 मिमी जाडीचा. जस्ताचा मुलामा असलेला अजिबात नको, तापल्यावर त्याचा धूर घातक असतो. आणि कृपा करून अख्खी ग्रिल झाकू नका! चारही बाजूंनी दोन-तीन बोटं जागा सोडा, वरचं झाकणही उघडंच ठेवा. गरम हवा कोंडली की आच खाली नॉब आणि गॅसच्या नळीकडे वळते, खरा धोका तिथेच.

नव्या पत्र्याची काळी खपली व्हिनेगरने काढा, धुऊन लगेच कोरडा करा. मग तेलाचा हात फिरवून जवळजवळ पुसूनच टाका. जाड थर चिकट राहतो. तापवताना घाई नको, पत्रा वाकतो. पाण्याचा थेंब चुर्र करून उडाला की ओल्या फडक्यावर थापलेलं थालीपीठ टाका. कड तपकिरी होऊन सुटेपर्यंत उलथनं लावू नका.