टाकीतल्या माळा आणि भिंतीवरचा फेस

प्रश्न : आमच्या परसात कमळांसाठी बांधलेली छोटी सिमेंटची टाकी आहे. पाऊस सुरू झाल्यावर टाकीच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या वर वीतभर, पांढऱ्या फेसाचा मुठीएवढा गोळा चिकटलेला दिसला. पाण्यातही देठांना मंगळसूत्राचे काळे मणी ओवावेत तशा बुळबुळीत माळा गुंडाळल्यात. सासूबाई म्हणतात, फेस सापाने टाकलाय, खरवडून काढ आणि रॉकेल ओत. काय करू?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आधी रॉकेलची बाटली जागेवर ठेवा. साप असा फेस टाकत नाही, हे सासूबाईंना माझ्या नावावर सांगा.

तो गोळा झाडबेडकीचा. तुमच्याकडे न्हाणीघरात, दाराच्या चौकटीवर चिकटून बसणारी, बोटांच्या टोकांना चकत्या असलेली तपकिरी बेडकी असते ना, तीच. अंगातून सोडलेला चिकट द्रव ती मागच्या पायांनी घुसळून फेस करते आणि अंडी त्यातच घालते. वरचा थर वाळून कडक होतो, आत ओल टिकते, त्यामुळे अंडी पाण्याबाहेर असूनही सुकत नाहीत. मासे, पाणकिडे यांचा हात तिथवर पोचत नाही. काही दिवसांत फेस खालून पातळ होतो आणि पिल्लं टपटप पाण्यात पडतात. गोळा थेट पाण्याच्या वरच का, ते आता कळलं असेल. तो उचलून दुसरीकडे लावलात तर पिल्लं जमिनीवर पडतील. हात लावू नका.

माळा भेकाच्या, म्हणजे अंगावर चामखिळी असलेल्या त्या खरखरीत प्राण्याच्या. बेडकांची अंडी बहुधा पुंजक्याने किंवा पाण्यावर पसरलेली असतात, भेकाची मात्र अशी दोरीत. एक मादी हजारोंनी घालते, म्हणून घाबरू नका. त्यातले मोठे होतात ते मोजकेच, आणि तेही बागेतली वाळवी, मुंग्या, किडे खातात.

रॉकेल ओतायची हौसच असेल तर ती डासांसाठी असणार, म्हणून तेही सांगते. क्युलेक्स डासाची अंडी एकमेकांना चिकटून तांदळाच्या दाण्याएवढी काळपट होडी होते आणि पाण्यावर तरंगते. ती दिसली की चहाच्या गाळणीने उचलून उन्हात टाकायची. डेंग्यूच्या डासाची अंडी अशी सापडायची नाहीत. तो सुटी सुटी, पाण्याच्या कडेला चिकटवतो आणि ती कोरड्यात महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून कुंड्यांखालच्या ताटल्या नुसत्या ओतून उपयोग नाही, घासायच्या. गप्पी मासे सोडायचा सल्ला मात्र तुमच्या टाकीला मी देणार नाही. ते डासांच्या अळ्यांबरोबर बेडकांची पिल्लंही गट्टम करतात. चतुरांच्या अळ्या टाकीत असल्या तर डासांचं बरंचसं काम त्या करतातच.

प्रश्न : नर्सरीतून आणलेल्या कमळाच्या पानाखाली पारदर्शक जेलीचा लांबट तुकडा आहे, आत बारीक ठिपके. गप्पींनी अंडी घातली का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : गप्पी पिल्लंच देतात, अंडी घालत नाहीत. ही पाणगोगलगायीची. ठिपके काही दिवसांत फिरताना दिसतील, भिंग असेल तर मुलांना दाखवा. नको असतील तर पान टाकीत ठेवण्याआधी जेली नखाने काढा. नंतर गोगलगायी फार झाल्या तर संध्याकाळी काकडीची चकती पाण्यात सोडा आणि सकाळी चकतीसकट उचला.

आणि पाठीवर दाणे चिकटलेला चपटा किडा दिसला तर तो आजारी समजू नका. मादीने नराच्या पाठीवर अंडी चिकटवलेली असतात आणि फुटेपर्यंत तो ती वागवतो, मधूनमधून वर येऊन हवा देतो. हातात धरू नका, कडकडून चावतो.