पाळण्यातलं नाव, दाखल्यातलं नाव

शाळेचं जनरल रजिस्टर लिहिण्यात माझी नोकरी गेली, म्हणून नावाबद्दलची पत्रं अजून माझ्याकडे येतात. काही 'कोणतं ठेवू' विचारणारी, काही 'ठेवलं ते कागदावर नीट कसं करू' विचारणारी. दोन्हींची खिचडी करून उत्तरं देतो.

सासऱ्यांची इच्छा आहे की नातवाला त्यांच्या वडिलांचं नाव द्यावं. ते नाव आहे उखर्डू. नवरा गप्प बसतो, मी वाईट ठरते. काय करू? (एक सून, चोपडा तालुका)

ताई, आधी हे नाव आलं कुठून ते ऐका, म्हणजे सासऱ्यांशी बोलताना धार कमी होईल. ज्या घरात लेकरं जगत नसत, तिथे नवं लेकरू क्षणभर उकिरड्यावर ठेवून उचलायचे. कुणी सुपात घालून शेजारणीला पायलीभर दाण्यांवर 'विकायचे' आणि परत घ्यायचे. दृष्ट लागायला लेकराची काही किंमतच दिसू नये, हा हिशोब. मग नाव पडायचं उखर्डू, उखा, धुडकू, दगडू, केरू, भिका. नथू त्याच कुळातलं, मुलाचं नाक टोचून त्याला मुलगी भासवायची. कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या यजमानांचं नाव नथूजीच होतं. १८९९-१९०० चा दुष्काळ, त्याच्या मागेपुढे प्लेग, मग १९१८ ची तापाची साथ, एवढं सगळं सोसलेल्या घरांतली ही नावं आहेत. तुमच्या आजेसासऱ्यांना उखर्डू म्हटलं, कारण ते कुणाला तरी फार हवे होते.

म्हणून मी या नावांना नकुशीच्या पंगतीत बसवत नाही. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये दोनशेहून जास्त 'नकुशां'ची नावं एका कार्यक्रमात बदलली, ते योग्यच झालं. तिथे लेक नको होती आणि तसं तिला रोज हाक मारून ऐकवलं जात होतं. उखर्डूचं उलट आहे.

तरीही माझं मत विचाराल तर दाखल्यावर उखर्डू लिहू नका. ज्या भीतीपोटी ते नाव पडलं ती भीती तुमच्या घरात आज नाही, आणि वर्गातली पोरं इतिहास वाचून हसत नाहीत. पाळण्यात मात्र फुईनं, म्हणजे आत्यानं, पहिलं नाव कानात पणजोबांचं सांगावं, दुसरं तुमच्या पसंतीचं. अशी दोन-तीन नावं पाळण्यात घेण्याची रीत आपल्याकडे आहेच, त्यात सासऱ्यांचा मानही राहतो. नुसतं आद्याक्षर हवं असेल तर उदय, उमेश, उत्कर्ष आहेत, पण आद्याक्षरानं म्हातारं माणूस समजूत काढून घेईल असं मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र बजावतो. वंशावळीत, प्रतिज्ञापत्रात पणजोबांचं नाव 'सुधारून' लिहू नका. जात वैधतेला जुने पुरावे लागतात, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. त्या जुन्या उताऱ्यावर उखर्डू असेल आणि तुमच्या कागदावर उमेश, तर हा उमेश कोण ते सिद्ध करत बसाल.

महाराजांनी हस्त नक्षत्र, तिसरा चरण सांगितला आणि अक्षर दिलं 'ण'. 'ण' वरून नाव कुठून आणू? (भुसावळ)

कुठूनच नाही. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकी चार चरण, अशी अवकहडा चक्रात, म्हणजे नक्षत्राच्या चरणावरून नावाचं अक्षर सांगणाऱ्या तक्त्यात, १०८ अक्षरं आहेत, आणि त्यांत ङ, ञ, ण अशीही अक्षरं येतात ज्यांवरून आपल्यात नाव सुरू होत नाही. जोशी मंडळी अशा वेळी त्याच राशीचं दुसरं अक्षर घेतात. हस्ताची रास कन्या, आणि कन्येची अक्षरं टो, पा, पी, पू, ष, ण, ठ, पे, पो. म्हणजे पार्थ, पीयूष, पूर्वा, पूनम सगळे मोकळे. पंचांगात हा तक्ता छापलेला असतो, महाराजांना पुन्हा न विचारताही बघता येईल. शिवाय नावरस नाव, म्हणजे या अक्षरावरून ठेवलेलं, लागतं ते संकल्पापुरतं. रोजच्या हाकेचं आणि शाळेचं नाव त्याच अक्षरावरून असावं असं शास्त्राचं म्हणणं आहे, असं मला तरी आजवर कुणी दाखवलेलं नाही.

बाळ माहेरी, जळगावच्या दवाखान्यात झालं. सासर शिरपूर तालुक्यात. नाव अजून ठरत नाही आणि घरचे म्हणतात एकवीस दिवसांत नोंद झाली पाहिजे, काहीही लिहून टाका.

'काहीही' लिहू नका. नोंद एकवीस दिवसांत व्हायला हवी हे खरं, पण ती नावाशिवायही होते. दवाखान्यात जन्म झाला तर कळवायची जबाबदारी दवाखान्याची असते. नोंद झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत नाव घातलं तर विलंब शुल्क नाही. त्यानंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं, पण तेवढी वाट कुणी बघू नये.

नोंद जन्म झाला तिथेच होते, सासरी नाही. तुमचं काम जळगाव महापालिकेत आहे, सासरच्या ग्रामपंचायतीत खेटे घालून उपयोग नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायच्या आपल्या रीतीमुळे हा घोळ घरोघरी होतो.

आता घाईचं नुकसान सांगतो. एकदा लिहिलेलं नाव आवडलं नाही म्हणून बदलता येत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात दुरुस्ती आहे ती चुकीची, हौसेची नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्यांना तर शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो. तेव्हा आधी नाव, मग दाखल्यावर नाव, मग आधार. 'बेबी ऑफ सुनीता' असं आधार काढून ठेवलेली मुलं बालवाडीत येतात आणि त्यांचे आई-वडील रांगेत उभे राहतात. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यातली एक संधी बारशाच्या आळसात गेली.

दाखल्यावर आईचं नाव मधे घालतात म्हणे. सासूबाईंना पटत नाही, आणि माझी नावंही दोन आहेत.

सासूबाईंना सांगा, ही सुनेची हौस नाही, सरकारचा निर्णय आहे. १ मे २०२४ पासून पुढे जन्मलेल्या बाळाचं नाव महाराष्ट्रात असं लिहितात: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मुक्ता सुनंदा प्रकाश पाटील. वाचायला लांब वाटतं, कानाला आठवड्यात सवय होते.

खरा प्रश्न तुमच्या दोन नावांचा आहे, तो तुम्ही ओळीच्या शेवटी ढकललात. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहून सुनेचं नाव बदलतात. माहेरची मनीषा सासरी शोभा होते, दहावीच्या सर्टिफिकेटवर मनीषा, रेशनकार्डावर शोभा. दवाखान्यात नाव कोण सांगतं? सोबत आलेली सासू किंवा नणंद. मग बाळाच्या नावात कायमची शोभा जाते आणि आईच्या आधारवर मनीषा राहते. दवाखान्यात नाव नोंदवतानाच आधार पुढे करा आणि त्यावर आहे तेच लिहायला लावा. तुमच्या बाबतीत नोंद होऊन गेली असेल तर राजपत्रात नावबदल करून दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे कागदावर आणा. मूल शाळेत जायच्या आत.

मी पावरा आदिवासी, धडगाव तालुक्यातला. माझा जन्म दितवारचा, म्हणजे रविवारचा, म्हणून नाव दित्या. मुलगी बुधवारी झाली, आम्ही तिला बुधी म्हणतो. लोक सांगतात, शिकलेली माणसं हसतील, 'बबिता' लिहा.

दादा, बुधी हे नाव तुमच्या घरातलं आहे, बबिता कुणाच्या घरातलं? वारावरून नाव ठेवायची तुमची रीत जुनी आहे आणि सोयीचीही. रजिस्टरात खोटी जन्मतारीख पडलेल्या पिढीतही तुमच्या माणसाचा जन्मवार कुणाला विचारावा लागत नसे. बाकी आम्हा मास्तरांनी सगळ्यांचे वाढदिवस १ जून करून टाकले, सातपुड्यातल्यांचेही आणि गावातल्यांचेही. जुन्या काळी काही शिक्षक नावंही अशीच मनानं लिहून टाकत, सोम्याचा सोमनाथ, दित्याचा दिनेश. पोराला 'मोठं' नाव दिलं असं त्यांना वाटे, आई-बापाला विचारायचं राहून जाई.

त्याची किंमत पुढे कळते. अनुसूचित जमातीच्या वैधतेला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे पुरावे बघतात. त्यात आजा बुध्या, बापाच्या शाळेच्या दाखल्यावर दित्या, आधारवर दिनेश, मग पडताळणी समिती विचारते हे एकच घर कशावरून. तुमचं स्वतःचं नाव सगळीकडे दित्याच आहे ना, ते आधी तपासा.

मुलीचं नाव तुम्ही आणि तिची आई ठरवा. बुधी आवडत असेल तर बुधी लिहा, दुसरं आवडत असेल तर तेही लिहा, फक्त ते तुम्हाला आवडलं म्हणून, कुणी हसेल म्हणून नको. नाव पालक सांगतील तेच लिहायचं असतं. अंगणवाडीत किंवा शाळेत कुणी बदलून लिहिलं तर त्याच दिवशी दाखला दाखवून दुरुस्त करायला लावा.

मुलीचं नाव 'तापी' ठेवायचंय. सगळे म्हणतात तापट निघेल.

गंगा, यमुना, गोदावरी नावाच्या बायका काय पाण्यासारख्या शांत होत्या? पुराणात तापी सूर्याची लेक, यमुनेची बहीण. आषाढ शुद्ध सप्तमीला तिचा जन्मदिवस मुलताईला साजरा होतो. आपल्या आज्यांमध्ये तापीबाई पुष्कळ होत्या, मधेच हे नाव मागे पडलं. चांगदेवला पूर्णा तिला मिळते, मुडावदला पांझरा. ज्या नदीवर आपल्या केळी पिकतात तिचं नाव लेकीला द्यायला कुणाची परवानगी नको. ठेवा.

मुलासाठी हृषिकेश, श्लोक, कियांश यांतलं एक ठरत नाही. (धुळे)

तिन्ही नावं आजीला ओट्यावरून मोठ्यानं हाक मारायला सांगा. आपल्या खानदेशी तोंडी बाळूचा बायू होतो, विठ्ठलचा इठ्ठल होतो, तिथे हृषिकेशचा रुसिकेस होणार आणि श्लोकचा सलोक. तसं झालं म्हणून बिघडत नाही, तुम्हाला ते ऐकून राग येणार असेल तर बिघडतं. हृषिकेशची आणखी एक अडचण, मराठीतच लोक हृषीकेश, हृषिकेश, ऋषिकेश असं तीन तऱ्हांनी लिहितात, आणि इंग्रजीत कुणी एचनं सुरू करतं, कुणी आरनं. जे ठरेल त्याचं मराठी आणि इंग्रजी लेखन एका कागदावर लिहून दोघांनी सही केल्यासारखं पक्कं करा आणि दाखला, आधार, शाळा तिन्हीकडे तेच द्या. कियांशबद्दल एवढंच विचारतो, अर्थ काय ते आजीला सांगता येईल का? 'हाई काय नाव शे?' हा प्रश्न बारशालाच येणार आहे.

फुई दुबईला आहे. व्हिडिओ कॉलवर नाव ठेवलं तर चालेल का?

चालेल. मोबाइल बाळाच्या कानाला चिकटवू नका, हातभर लांब धरा. पाठीत धपाटे मारून कुर्रर करायला चुलतफुई किंवा मानलेली फुई पाळण्यापाशी उभी करा. साडीचा मान मात्र दुबईच्या फुईचा, आणि तो ती सुटीवर आल्यावर वसूल केल्याशिवाय राहणार नाही, तेव्हा आताच घेऊन ठेवा.