पाच प्रकल्प आणि एकच ताई

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

संस्थेच्या ज्या पाच प्रकल्पांचं काम तू सांभाळतेस, त्यांचे तू पाठवलेले पाचही तक्ते पाहिले. शेततळी, बचत गट, सेंद्रिय कापूस, पोषण, वनहक्क दावे. प्रत्येकाची जोखीम नीट मांडली आहेस. मला भीती वाटते ती जोखीम मात्र यातल्या एकाही तक्त्यात नाही.

यवतमाळमधल्या घाटंजीकडच्या गावांतली सीआरपी ताई, म्हणजे गावपातळीवर काम करणारी आपली कार्यकर्ती, बघ. बचत गटाचं रजिस्टर तिच्याकडे, पोषणाच्या बैठका तीच बोलावते, कापसाच्या शेतकऱ्यांच्या डायऱ्याही तीच भरते. प्रत्येक प्रकल्पाने तिचे ‘आठवड्यातले फक्त दोन दिवस’ धरलेत. बेरीज केलीस का? त्यात दिवाळीच्या सुमारास ती स्वतःच्या वावरात कापूस वेचाईला असते. त्या दिवसांत दुपारची बैठक लावणारे साहेब मला आजवर कळले नाहीत.

दुसरं, कामं एकमेकांत अडकलेली असतात. काळ्या मातीत दमदार पाऊस पडला की जेसीबी वावरात उतरत नाही. मे महिन्यात तळं झालं नाही, तर पऱ्हाटी (कपाशी) उभी असेपर्यंत थांबायचं, म्हणजे थेट उलंगवाडीनंतर, शेवटची वेचाई संपल्यावर. त्या पाण्याच्या भरवशावर गटातल्या बायांनी भाजीपाल्यासाठी कर्ज उचललेलं असतं. तळ्याच्या अहवालात ‘काम पुढे ढकलले’ एवढंच येईल. हप्ता मात्र दर महिन्याला येणार, आणि कर्ज बघणाऱ्या आपल्याच माणसाला तळ्याचं कोणी सांगितलेलं नसतं. दर सोमवारी पाचही जणांना अर्धा तास एकत्र बसव. आपल्या कामाचं कौतुक कोणी सांगायचं नाही. माझं काय अडलंय आणि त्याने कोणाचं अडेल, तेवढंच बोलायचं.

ग्रामसभेचंही तेच. १ मे किंवा १५ ऑगस्टला पाच प्रकल्पांचे पाच जण ठराव घेऊन उभे राहिले, तर सरपंच वैतागणारच. वनहक्काचा ठराव आधी घ्या, २००६ च्या कायद्यात दाव्याची सुरुवातच ग्रामसभेपासून आहे. बाकीचे थांबू शकतात.

पैशाचं थोडक्यात. एकाचा निधी रखडला म्हणून दुसऱ्याच्या खात्यातून पगार काढायचे नाहीत, कोणीही सांगितलं तरी. परदेशी निधीत प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० साली ५० टक्क्यांवरून २० वर आली. तेव्हापासून हिशेबनीस कोणत्याच प्रकल्पाला आपल्या अंदाजपत्रकात नको असतो, काम मात्र सगळ्यांना हवं असतं. त्याचा पगार आधी वाटून घे.

आता एका मोठ्या कागदावर वर महिने लिही, डावीकडे माणसांची नावं, आणि सगळी कामं त्यात भर. मार्च जवळ आला की एखादी कंपनी वर्ष संपायच्या आत खर्चायचा सीएसआरचा (सामाजिक कामाचा) निधी घेऊन येईल आणि संचालक सहावा प्रकल्प घेतील. भांडू नकोस. कागद पुढे ठेव आणि कोणाचे दिवस काढायचे ते त्यांनाच विचार.

कागद मला पाठवायची घाई नको. आधी ताईला दाखव. तिचा ऑक्टोबर तू नक्की चुकीचा भरला असशील.

तुझा,
काका