वाचक विचारतात: सेशेल्सच्या बेटांवर पायी फिरायचंय, पण...

मागच्या अंकात हिंद महासागरातल्या सेशेल्समधल्या गाईडसोबत चालत जंगल-पक्षी बघायच्या टूरबद्दल चार ओळी काय लिहिल्या, प्रश्नांची रांगच लागली. निम्म्या लोकांना हे फक्त हनिमूनचं ठिकाण वाटतं आणि उरलेल्यांना वाटतं की हा हिमालयासारखा काहीतरी दमवणारा ट्रेक असणार. दोन्ही नाही. जमतील तेवढे प्रश्न घेतलेत, सारखे वाटले ते एकत्र केलेत.

ताई, माझं वय ६३, शाळेतून रिटायर झाले, चालायची सवय आहे पण गुडघे कुरकुर करतात. टूरच्या माहितीपत्रकात 'रोज मध्यम चाल' लिहिलंय. मला झेपेल का? ग्रुपला माझ्यामुळे थांबायला लागलं तर लाज वाटेल.

काकू, आधी ती लाज सोडा, कारण वाइल्डलाइफवाल्या टूरमध्ये सगळ्यात जास्त वेळ थांबण्यातच जातो. गाईड एका झाडाखाली पंधरा मिनिटं मान वर करून उभा राहतो आणि फास्ट चालणारे लोकच चुळबुळ करतात.

आता 'मध्यम' म्हणजे काय ते बघू. प्रालां बेटावरचं व्हॅली द मे हे जंगल अगदी आरामात होतं, वाटा आखलेल्या आहेत, छोटा फेरा मोठा फेरा आपण निवडायचा. क्युरियूज बेटावर खारफुटीच्या बाजूने जुन्या डॉक्टरांच्या घरापर्यंत जायचं (तिथे एकेकाळी कुष्ठरोग्यांची वसाहत होती), तेही सोपं. माहे बेटावर मात्र डोंगर आहेत, मोर्न सेशेल्वा हे सगळ्यात उंच शिखर ९०५ मीटर, पण तिथे टूरवाले सहसा नेत नाहीत, ते नेतात कोपोलिया किंवा मोर्न ब्लांला. कोपोलिया वर जायला साधारण एक तास, वाट मुळांमधून आणि दगडांमधून, आणि माथ्यावर मोठाच्या मोठा उघडा ग्रॅनाइटचा कातळ. चढताना काही नाही वाटत, उतरताना गुडघे बोलतात, आणि पाऊस पडून गेला असेल तर तो कातळ असा निसरडा होतो की तरुण पोरंसुद्धा बसून सरकत येतात. काठी न्या, दोन न्या. सोल झिजलेले जुने स्पोर्ट्स शूज अजिबात नको.

आणि एक गोष्ट माहितीपत्रकात कधीच नसते. गुडघ्यांची खरी परीक्षा डोंगरात नाही, बोटीतून उतरताना असते. छोट्या बेटांवर धक्का वगैरे नसतो, बोट वाळूपर्यंत येते, लाट मागे गेली की गाईड "आता" म्हणतो आणि आपण गुडघाभर पाण्यात पाय टाकायचा. हे दिवसातून दोनदा, हातात चपला आणि पाठीवर बॅग घेऊन. तर बुकिंग करताना हे विचारा की उतरायला हात द्यायला माणूस असतो का, एका गाईडमागे किती जण, आणि एखाद्या दिवशी वॉक सोडून हॉटेलवर बसलं तर चालेल का. तिसऱ्या प्रश्नाला जो आढेवेढे घेईल त्याच्याकडे पैसे भरू नका.

फोनमध्ये मॅप आहे, वाटांवर पाट्या आहेत म्हणतात, मग गाईडचे पैसे कशाला? आम्ही सह्याद्रीत वर्षानुवर्षं फिरतोय.

वाट सापडायला गाईड नकोच आहे हो, बरोबर आहे तुमचं. गाईड लागतो तो समोर असलेलं दिसायला.

उदाहरण देते. माहेच्या डोंगरात वाळलेल्या पानांत एक बेडूक राहतो, गार्डिनरचा बेडूक म्हणतात त्याला, पूर्ण वाढलेला जेमतेम एक सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या करंगळीच्या नखावर बसेल. बारीक किर्रर्र-टिक असा आवाज येतो आणि आपल्याला वाटतं किडा असेल, आपण पुढे जातो. गाईड खाली बसतो, दोन पानं हळूच उचलतो, आणि तिसऱ्या पानाखाली तो तपकिरी ठिपका. या बेडकाला मधला कान नाही, कानाचा पडदा नाही, तरी ऐकतो, आणि तोंडाच्या पोकळीतून आवाज आत पोचतो हे शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवलं. तुम्ही सह्याद्रीवाले म्हणून अजून एक सांगते, केरळच्या बाजूला सह्याद्रीत तो फुगलेला जांभळा बेडूक सापडला ना, २००३ मध्ये ज्याची शास्त्रीय नोंद झाली, त्याचे जगातले सगळ्यात जवळचे नातेवाईक म्हणजे सेशेल्सचे हे बेडूक. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आपला दख्खनचा लाव्हा उसळत होता त्याच सुमाराला, भारत आणि सेशेल्स एकमेकांपासून तुटले. म्हणून तर समुद्राच्या इतक्या मध्यभागी असूनही मुख्य बेटं ग्रॅनाइटची आहेत, त्यातला बराच दगड पंचाहत्तर कोटी वर्षं जुना. एवढं सगळं त्या एका पानाखाली, मॅपमध्ये कुठे दिसणार?

कोपोलियाच्या माथ्यावर घटपर्णी आहे, किडे खाणारी, ती फक्त सेशेल्सचीच, आणि लोक तिच्या शेजारी उभं राहून समुद्राचे सेल्फी काढून खाली येतात, कधीकधी तिच्यावर पाय देऊन. खाली जंगलात गाईड एक पान चुरगाळून नाकाशी धरेल, दालचिनी. वास छान, पण ती बाहेरून आणलेली आणि तिने स्थानिक झाडांची जागा खाल्लीय, त्यामुळे गाईडलोक तिच्याबद्दल बोलताना जरा चिडूनच बोलतात.

प्रालांवरचा काळा पोपटही तसाच. नाव काळा, रंग राखाडी-तपकिरी, आणि तो बसतो प्रचंड माडांच्या गर्दीत. जंगली म्हणून तो जगात फक्त त्या एका बेटावर. शिट्टी ऐकून गाईड दिशा सांगतो, आपण एकटे गेलो तर फक्त मान दुखवून परत.

मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जावं की दिवाळीत?

दिवाळीत. डोळे झाकून दिवाळीत.

मेपासून दक्षिण-पूर्वेचा वारा सुरू होतो, सप्टेंबरपर्यंत चालतो. हवा कोरडी आणि जरा थंड, म्हणजे चालायला खरं तर छान, पण समुद्र खवळलेला. माहेहून प्रालांला फेरी साधारण एक तासाची, ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी आधीच घ्यायची, बोट हलायला लागल्यावर नाही. आणि अरीदसारख्या बेटावर त्या दिवसांत बऱ्याचदा बोट किनाऱ्याला लागतच नाही. ला दिग बेटाच्या ग्रांद आन्स किनाऱ्यावर तर तेव्हा पोहायचा विचारही करू नका, करंट ओढून नेतो. डिसेंबर ते मार्च उलटा वारा आणि पाऊस जास्त. मधले दिवस, म्हणजे एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, यात समुद्र शांत.

दिवाळीचा खरा फायदा वेगळाच आहे. तेव्हा हॉक्सबिल कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येतात आणि ती सेशेल्समध्ये भरदिवसा येतात, बाकी जगात हा मामला बहुतेक रात्रीचा. तुम्ही वाळूवरून चालताय आणि समोरून ट्रॅक्टरच्या चाकासारखी रेघ वर झाडीत गेलीय, तर तिथेच थांबायचं, बोलायचं नाही, गाईडला खूण करायची. मागून बघायचं, तोंडासमोर जायचं नाही, नाहीतर ती अंडी न घालताच परत समुद्रात जाते.

माझी मुलगी दहा वर्षांची आहे, तिला मोठ्या कासवांना हात लावायचाय. चालतं का? चावत नाहीत ना?

क्युरियूजवर जमिनीवरची मोठी कासवं मोकळी फिरतात. रेंजर हो म्हणाला तर मानेखाली हलकेच खाजवून बघायला सांगा तिला. ते कासव आधी थांबतं, मग चारही पाय ताठ करून अंग उचलतं, मान लांबच लांब वर काढतं आणि तसंच उभं राहतं. सुरकुतलेली कोरडी कातडी, डोळे अर्धे मिटलेले. पोरगी ते विसरणार नाही. पाठीवर बसणं, टरफल ठोकून बघणं, बिस्किटं देणं हे काहीही नाही, आणि फोटोसाठी बसणारे मोठे लोकच असतात बहुतेक, मुलं नाही.

चावायचं म्हणाल तर हाताचं बोट पान समजून ओढू शकतं, पान तोंडासमोर धरू नका. तसं अगदी गरीब गाय समजू नका हं, फ्रेगेट बेटावर एका कासवाने पक्ष्याच्या पिल्लाचा हळूहळू पाठलाग करून त्याला मारून खाल्लं, त्याचा व्हिडिओ आहे, २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं.

कझिन बेटावर आमची बोट लांबच थांबवली, त्यांच्या बोटीत बसवलं आणि तासाभरात फिरवून परत. आमच्या ग्रुपमधले बरेच जण भडकले. एवढा कडक कारभार कशाला?

उंदरांसाठी! एक उंदरीण पोटात पिल्लं घेऊन कोणाच्या बोटीतून उतरली तर बेट संपलं. म्हणून बाहेरची बोट किनाऱ्याला लागूच देत नाहीत आणि वॉर्डनशिवाय फिरता येत नाही.

१९६८ मध्ये पक्षी वाचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ते आख्खं बेट विकत घेतलं, कारण सेशेल्सचा वटवट्या तेव्हा जगात तीसच्या आत उरला होता, सगळेच्या सगळे तिथे. आधी तिथे नारळाची बाग होती, ती हटवून मूळ जंगल वाढू दिलं आणि पक्षी वाढले, मग थोडे थोडे दुसऱ्या बेटांवर नेले आणि आता ते हजारोंत आहेत. सेशेल्सचा दयाळ तर एकेकाळी फक्त फ्रेगेटवर, वीसच्याही आत होता, आज तो कझिनवर तुमच्या बुटापाशी येऊन उकरतो, कारण माणसाच्या पायाने पालापाचोळा हलला की किडे निघतात.

तुमच्या ग्रुपने भडकायच्या नादात काय काय सोडलं असेल त्याचं मला वाईट वाटतंय. फेअरी टर्न (पांढरा समुद्रपक्षी) घरटंच बांधत नाही, उघड्या फांदीवर, जिथे जरासा खळगा असेल तिथे एक अंडं ठेवून देते, आणि ते अंडं तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. ट्रॉपिकबर्ड झाडाच्या बुंध्याशी जमिनीवर बसलेला, एक पाऊल चुकलं तर तुडवला जाईल, आणि तो घाबरून उडून जात नाही. पळायचं शिकलाच नाही. तासाभरात फिरवून आणलं ते त्याच्यासाठीच. (डास मात्र कझिनवर बेक्कार चावतात, ती तक्रार मान्य. मलेरिया नाही तिथे.)

कोको द मेर घरी आणायचाय, आजोबांकडे त्याचा कमंडलू होता.

आणता येतो, पण परवान्यासकटच. जगातलं सगळ्यात मोठं बी आहे ते, वजन पंधरा-वीस किलोपर्यंत जातं, फळ पिकायला सहा-सात वर्षं लागतात, आणि झाड जंगली फक्त प्रालां आणि क्युरियूजवर. चोरी खूप होते. दुकानातून घ्या, अधिकृत टॅग आणि एक्स्पोर्ट परमिट दोन्ही हातात घ्या, आणि आपल्याकडच्या कस्टम्सचे नियम निघायच्या आधी बघून ठेवा. कोणी रस्त्यावर स्वस्तात देतोय म्हणाला तर चालायला लागा. खरं सांगू का, व्हॅली द मेमध्ये वारा सुटला की त्या झाडांची अवाढव्य पानं एकमेकांवर खडखडतात ते ऐकण्यात जास्त मजा आहे. ही जागा १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

साप? व्हिसा? शाकाहारी जेवण?

विषारी साप नाहीत. झाडांमध्ये पंजाएवढा पाम स्पायडर जाळं टाकून बसलेला असतो, दिसायला भयंकर पण काही करत नाही, फक्त पुढे चालणाऱ्याने तोंड सांभाळायचं. गोम मात्र मोठी असते आणि चावली तर खूप दुखतं, बूट घालायच्या आधी झटका. व्हिसा लागत नाही, पण निघायच्या आधी ऑनलाइन ट्रॅव्हल ऑथोरायझेशन घ्यायलाच लागतं. जेवण मासळीचं, पण डाळ, भोपळा, ब्रेडफ्रूट, पपईची चटणी मिळते, गाईडला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा म्हणजे डब्यात टूना येणार नाही.

ला दिगवर एकच दिवस आहे, सायकल की चालणं?

सायकल गावात, पुढे पाय. सकाळी आधी व्हव रिझर्व्हला जा. आपल्या स्वर्गीय नर्तकाचा तिथला भाऊबंद बघायला, नर पूर्ण काळा, शेपटी लांबलचक, मादी वर तांबूस, खाली पांढरी आणि डोकं काळं. टाकामाका (म्हणजे आपली उंडी) आणि देशी बदामाच्या मोठ्या झाडांत असतो तो, आणि सावलीत काळा पक्षी शोधायचा म्हणजे कठीण, शेपटी हलली की दिसतो. मग ग्रांद आन्सला सायकल लावून पेतीत आन्सवरून आन्स कोकोपर्यंत पायी. पाणी भरपूर न्या, वाटेत मिळेल याच्या भरवशावर राहू नका, आणि परतायची शेवटची फेरी किती वाजता आहे ते सकाळीच बघून ठेवा.

अल्दाब्रा बेटाला जाता येईल का? तिथे लाखभर कासवं आहेत असं वाचलं.

खरं आहे, साधारण लाखभर, आणि हिंद महासागरातला शेवटचा न उडणारा पक्षी, अल्दाब्राचा रेल, तोही तिथेच. पण माहेपासून ११०० किलोमीटरच्या पुढे, राहायला हॉटेल नाही, परवानगीशिवाय उतरता येत नाही. जाणाऱ्या मोहिमेच्या बोटी मोजक्याच आणि महाग, आणि हवा बिघडली तर उतरवत नाहीत. पहिल्यांदा जाताय तर आधी माहे-प्रालां-ला दिग करून या.